केप ग्रिम वातावरण निरीक्षण केंद्र

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या वायव्य टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ९४ मी. उंच कड्यावर असलेले हवामापन केंद्र. दक्षिण गोलार्धाच्या वातावरणाची सलग नोंद ठेवणाऱ्या केंद्रांत याचे स्थान फार वरचे आहे. १९७६ मध्ये नासाने वापरून झालेल्या एका कॅराव्हॅनमध्ये मोजणी सुरू झाली; पक्की इमारत १९८१ मध्ये उभी राहिली. केंद्र ऑस्ट्रेलियाचे हवामान खाते चालवते आणि शास्त्रीय कामात सीएसआयआरओ ही सरकारी संशोधन संस्था भागीदार आहे.

केप ग्रिम हे नाव मॅथ्यू फ्लिंडर्सने १७९८ मध्ये दिले. १८२८ मध्ये याच भूशिराजवळ गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मेंढपाळांनी सुमारे ३० आदिवासींची कत्तल केली. २०२१ पासून आदिवासींचे ‘केनाऊक’ हे नावही अधिकृतपणे जोडले गेले आहे.

जागेपेक्षा महत्त्वाचा आहे तो वारा. नैर्ऋत्येकडून येणारी हवा दक्षिण महासागरावरून हजारो किलोमीटर येते. वाटेत शहर नाही, कारखाना नाही. वारा फिरून उत्तरेचा झाला, की मेलबर्नकडचा धूर येऊ शकतो. म्हणून प्रत्येक वेळी हवा पारखून घ्यावी लागते. वाऱ्याची दिशा १९० ते २८० अंशांच्या पट्ट्यात हवी, सूक्ष्म कणांची संख्या कमी हवी. शिवाय रेडॉन तपासतात, आणि ही युक्ती खरोखर नामी आहे. हा किरणोत्सारी वायू माती-खडकांतून झिरपतो, समुद्रातून जवळजवळ येतच नाही आणि पावणेचार-चार दिवसांत निम्मा होतो. रेडॉन नगण्य असेल, तर त्या हवेला बरेच दिवस जमिनीचा स्पर्श झालेला नाही हे नक्की. अशाच हवेच्या नोंदी ‘मूळ पातळी’ म्हणून धरतात. बाकीच्या टाकून देत नाहीत, वेगळ्या ठेवतात.

केंद्राचे सर्वांत दूरदृष्टीचे काम म्हणजे हवेचा संग्रह. १९७८ पासून वर्षातून काही वेळा, वारा अनुकूल असताना, पोलादी टाकी द्रव नायट्रोजनने गार करून तीत हवा भरून ठेवतात. पुढे कोणते उपकरण निघेल आणि कोणता वायू शोधायचा असेल, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. फायदा दिसला तो २०१४ मध्ये: या जुन्या टाक्या आणि ग्रीनलंडच्या हिमथरांतली हवा तपासून ओझोनला घातक असे चार वायू सापडले. तोवर वातावरणात त्यांची नोंदच नव्हती.

येथील कार्बन डायऑक्साइडने मे २०१६ मध्ये दर दशलक्ष भागांत ४०० भागांची पातळी ओलांडली. हवाईतील मौना लोआला हा आकडा २०१३ मध्येच दिसला होता. इंधन जाळणारे बहुतेक देश उत्तर गोलार्धात आहेत आणि दोन्ही गोलार्धांतली हवा मिसळायला साधारण वर्ष लागते. दक्षिणेत जमीन, पर्यायाने झाडी कमी. म्हणून ऋतूनुसार होणारा चढउतारही अगदी थोडा.

या कामाचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. १९९३ पासून काबो द राम येथील समुद्रकाठच्या कड्यावर अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि सीएसआयआरओ यांच्या सहकार्याने काचेच्या कुप्यांत हवा भरली गेली आणि विश्लेषणासाठी ऑस्ट्रेलियाला धाडली गेली. पावसाळ्यात या कड्यावर विषुववृत्तापलीकडून, समुद्रावरून आलेली हवा मिळते; हिवाळ्यात वारे उपखंडावरून येतात आणि आकडे चढतात.