कुलगुरू

कुलगुरू हा शब्द आजच्या मराठीत विद्यापीठाच्या प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकाऱ्यासाठी, म्हणजे व्हाइस-चान्सलरसाठी, रूढ आहे. मुळात 'कुल' म्हणजे घराणे आणि कुलगुरू म्हणजे त्या घराण्याचा परंपरागत गुरू. वसिष्ठ हे रघुकुलाचे कुलगुरू होत. विद्यापीठाच्या संदर्भात हेच 'कुल' शिष्यसमुदायाचे झाले. हा अर्थही नवा नाही, 'कुलपती' या जुन्या शब्दात तो होताच. दहा हजार मुनींना अन्नदानादींनी पोसून शिकवणारा ब्रह्मर्षी तो कुलपती, अशी परंपरागत व्याख्या आहे आणि 'शाकुंतला'त कण्वांना कुलपती म्हटले आहे. व्याख्येत अध्यापनाच्या आधी अन्न येते, हे खेड्यातून अमरावती-नागपूरला येऊन वसतिगृहाच्या आधाराने पदवीपर्यंत पोहोचलेल्या कोणालाही पटावे.

मराठीने या दोन शब्दांची वाटणी करून घेतली. महाराष्ट्रात राज्यपाल हे राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांचे पदसिद्ध कुलपती असतात, तर प्रत्यक्ष कारभार कुलगुरू पाहतात. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची किंवा वयाच्या पासष्टीपर्यंतची, यांपैकी जी आधी संपेल ती असते. हिंदीत मात्र व्हाइस-चान्सलरला बहुधा 'कुलपति' म्हणतात. म्हणूनच वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचे कुलपती आणि अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाचे कुलगुरू एकाच पदावर असतात, आणि हिंदी मजकूर मराठीत आणताना शब्द तसाच ठेवला तर पदच बदलते. इंग्रजी नावातला दुय्यमपणा 'कुलगुरू'त उरत नाही. त्या दृष्टीने मराठी शब्द अधिक यथार्थ आहे.

विदर्भात 'कुल' इतर रूपांतही भेटते. रामटेकच्या संस्कृत विद्यापीठाच्या नावातील 'कविकुलगुरू' ही कालिदासाची उपाधी असून तिथे कुल कवींचे आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी घट्ट नाते असलेल्या महानुभाव पंथात गुरुशिष्यपरंपरेच्या प्रमुखाला 'कुलाचार्य' म्हणतात. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ असून त्यालाही कुलगुरू आहेत. याच पंथाच्या साहित्याचे थोर संशोधक वि. भि. कोलते हे मलकापूरजवळच्या नरवेल गावी १९०८ साली जन्मले आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले.