विंबल्डन टेनिस स्पर्धा

लंडनच्या नैर्ऋत्येकडील विंबल्डन उपनगरात ऑल इंग्लंड क्लबच्या मैदानांवर दर वर्षी जून-जुलैत भरणारी ही जगातील सर्वांत जुनी टेनिस स्पर्धा. ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसमधील सर्वांत मोठ्या चार स्पर्धांपैकी हिरवळीवर खेळली जाणारी ही एकच उरली आहे. अमेरिकन स्पर्धेने 1974 नंतर गवत सोडले, ऑस्ट्रेलियन स्पर्धेने 1987 नंतर.

पहिली स्पर्धा 1877 मध्ये वर्पल रोडवरील जुन्या मैदानावर झाली. मैदान सपाट करणाऱ्या क्लबच्या रोलरच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करणे हा त्यामागचा एक हेतू. 22 पुरुष खेळले आणि स्पेन्सर गोर जिंकला. इतर खेळाडू मागे राहून चेंडू परतवत असताना गोर नेटजवळ येऊन टप्पा पडण्याआधीच तो मारत असे. पुढच्याच वर्षी फ्रँक हॅडोने त्याच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकून त्याला हरवले. नेटजवळ धावायचे की मागे थांबायचे, हा विंबल्डनचा वाद इतका जुना आहे. महिला एकेरी 1884 मध्ये सुरू झाली. पहिली विजेती मॉड वॉटसन. चर्च रोडवरील सध्याच्या जागी स्पर्धा 1922 मध्ये आली. व्यावसायिक खेळाडूंना 1968 पासून प्रवेश मिळाला.

इथे खरा अंमल गवताचा. ते 8 मिलिमीटर उंचीवर कापतात. त्यावर चेंडू घसरत, खाली राहून येतो, त्यामुळे वेगवान सर्व्हिस करून नेटकडे धावणाऱ्याला फायदा मिळे. पीट सँप्रासची 1993 ते 2000 मधील सात विजेतेपदे याच खेळावर उभी आहेत. 2001 पासून पूर्णपणे राय जातीचे गवत लावले जाते. ते झिजेला अधिक टिकते आणि खालची जमीनही टणक राखता येते, म्हणून टप्पा थोडा उंच उठतो. 2002 चा अंतिम सामना लेटन ह्यूइट आणि डेव्हिड नाल्बान्डियान या बेसलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या मागच्या रेषेवरून खेळणाऱ्या दोघांमध्ये झाला, आणि काळ बदलल्याचे उघड दिसले. आता दुसऱ्या आठवड्यात नेटजवळची हिरवळ शाबूत असते, बेसलाइनलगतची माती मात्र उघडी पडते. खेळ कसा बदलला, हे मैदानच सांगते.

एकेरीत सर्वाधिक विजेतेपदे मार्टिना नवरातिलोवाची, नऊ; पुरुषांत रॉजर फेडररची आठ. तरीही सर्वांत अवघड कामगिरी ब्यॉन बोर्गची म्हणावी लागेल. फ्रान्सच्या लाल मातीवर रुळलेला खेळ त्याने अवघ्या काही आठवड्यांत गवताला जुळवून घेतला आणि 1976 ते 1980 अशी सलग पाच वर्षे जिंकला. त्यांपैकी शेवटची तीन वर्षे त्याने फ्रेंच स्पर्धाही जिंकली होती. बोरिस बेकर 1985 मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी, मानांकन नसताना विजेता ठरला. 2001 मध्ये गोरान इवानिसेविच तर वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर येऊन जिंकला.

भारताचा इथला इतिहास मुंबईच्या लीला रावांपासून सांगायला हवा. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांच्या या कन्येने 1934 मध्ये एकेरीचा सामना जिंकला. विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी 1999 मध्ये पुरुष दुहेरी जिंकली, सानिया मिर्झाने 2015 मध्ये मार्टिना हिंगिसच्या साथीने महिला दुहेरी. एकेरीत रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. त्यांना हरवणारे नील फ्रेझर आणि रॉड लेव्हर त्या-त्या वर्षी विजेते झाले.