रॅग्लन की गोल योक? गळ्यापासून विणायच्या बाळ-स्वेटरचे दोन हिशेब

गळ्यापासून खाली विणत न्यायचा स्वेटर दिसला की आपल्याकडे नागपुरात बहुतेक जणी त्याला सरसकट रॅग्लन म्हणून मोकळ्या होतात. पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या वेगळ्या विणायच्या नाहीत, शेवटी शिवत बसायचं नाही, गोल सुईवर सगळं एकसलग, मग रॅग्लनच की! पण गोल योकही (योक म्हणजे स्वेटरचा गळ्यापासून काखेपर्यंतचा भाग) असाच गळ्यापासून, असाच बिनशिवणीचा विणता येतो. दोन्हींत टाके वाढवत काखेपर्यंत जायचं, तिथे बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून ठेवायचे आणि आधी अंग, मग बाह्या पुऱ्या करायच्या. फरक एवढाच की टाके वाढवायचे कुठे आणि कधी. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण स्वेटर बाळाला नीट बसतो की नाही, हे यावरच ठरतं.

ओळखायचं सोपं आहे. गळ्यापासून काखेकडे तिरप्या जाणाऱ्या चार रेघा दिसल्या तर रॅग्लन. रेघा नाहीत, गळ्याभोवती ताटलीसारखा गोल पसरलेला भाग आहे आणि बहुतेक वेळा त्यावर नक्षी आहे, तर गोल योक. रॅग्लन हे नाव ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन यांच्यावरून आलं. 1815च्या वॉटर्लूच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला आणि थेट गळपट्टीपर्यंत जाणाऱ्या सैल बाहीचा कोट त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. गोल योकची सर्वांत प्रसिद्ध बहीण आइसलँडची. तिथले नक्षीदार योकचे लोकरी स्वेटर विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ झाले. ते पारंपरिक पद्धतीने खालून वर विणतात, म्हणजे योक आणि ‘गळ्यापासून खाली’ यांची जोडी अतूट आहे असंही नाही.

आता आकडे घेऊ, कारण त्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. सहा महिन्यांच्या बाळासाठी पुढून उघडा स्वेटर, बेबी वूल आणि नऊ नंबरची, म्हणजे 3.75 मिमीची सुई. (आपल्याकडचा नंबर वाढला की सुई बारीक होते. परदेशी नमुना वाचताना नेहमी मिमीच बघावेत.) नमुन्याचा तुकडा विणून मोजला तर 10 सेंमीत 24 टाके आणि 32 ओळी येतात असं धरू. बाळाची छाती साधारण 43 सेंमी, त्यात 7 सेंमी सैलपणा, म्हणजे 50 सेंमी, म्हणजे 120 टाके. गळ्याला 64 टाके घालायचे.

रॅग्लनमध्ये या 64ची वाटणी पहिल्याच ओळीत होते: पुढचा भाग 12, बाही 8, पाठ 24, बाही 8, पुढचा भाग 12. चार सांध्यांवर खुणेच्या रिंगा. मग एक ओळ सोडून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा, म्हणजे एका ओळीत 8. असं 15 वेळा केलं की 30 ओळी होतात, सुमारे साडेनऊ सेंमी, आणि सुईवर 184 टाके. पाठ 54, पुढचे भाग 27-27, बाह्या 38-38. दोन्ही काखांत सहा-सहा नवे टाके घातले की अंगाचे बरोबर 120 होतात आणि बाहीचे 44, म्हणजे सवाअठरा सेंमीचा घेर.

योकमध्येही सुरुवात 64, शेवट 184. मधला रस्ता मात्र वेगळा. इथे वाढ फक्त तीन ओळींत होते. साधारण सातव्या ओळीत दर दोन टाक्यांमागे एक वाढवून 96, पंधराव्या ओळीत पुन्हा तसंच करून 144, तेविसाव्या ओळीत 40 टाके सारखे पसरून 184. मधल्या ओळी साध्या, आणि नक्षी बसते ती तिथेच. आठ टाक्यांची नक्षी घेतली तर 96, 144 आणि 184 तिन्हीला ती पुरी जाते. हे आकडे योगायोगाने जुळलेले नाहीत. योक विणायला घेण्याआधी कागदावर बसून ते जुळवावेच लागतात.

मोठ्यांच्या योकसाठी विणकामावरच्या पुस्तकांच्या लेखिका एलिझाबेथ झिमरमन यांनी रूढ केलेला टक्केवारीचा हिशेब विणणाऱ्यांना ठाऊक असतो: छातीचे टाके शंभर धरले तर गळ्याला चाळीस. तो बाळाला लावू नका. 120चे चाळीस टक्के 48 टाके, म्हणजे 20 सेंमीचा गळा, आणि तो बाळाला आवळतो. बाळाचं अंग लहान असलं तरी त्या मानाने मान काही तेवढी लहान नसते. आपले 64 टाके त्रेपन्न टक्क्यांच्या आसपास जातात. डोक्याचा प्रश्न तर त्याहून मोठा. जन्मल्यावर डोक्याचा घेर छातीपेक्षा जास्त असतो आणि वर्षाच्या आसपास दोन्ही सारखे होतात. म्हणून पहिल्या वर्षाला डोक्यातून घालायचा बंद स्वेटर करूच नये, पुढून उघडा करावा. आपल्या थंडीतही दुपारी ऊन चटकतं, तेव्हा तो पटकन काढता येतो.

अंगावर बसण्यात दोघांचे गुण वेगळे. रॅग्लनमध्ये चूक लपत नाही. वाढवायची ओळ राहिली की रेघ मोडते आणि लगेच दिसते. योकची चूक उशिरा कळते. वाढ फार लवकर केली तर गळ्याभोवती झालर उठते, फार उशिरा केली तर खांद्यावर ओढ बसते. दुसरीकडे योकमध्ये बाही आणि अंग काखेपर्यंत वेगळे होतच नाहीत, त्यामुळे गुटगुटीत लेकराला बाहीत दोन टाके जास्त द्यायचे की अंगात, हे शेवटी ठरवता येतं. रॅग्लनमध्ये ती वाटणी सुरुवातीपासून बांधलेली असते. मानेमागे दोन-चार अर्धवट ओळी (ओळ पुरी न करता मधूनच वळून परत यायचं) मात्र दोघांतही विणाव्यात, नाहीतर पुढचा गळा हनुवटीला टेकतो.

नक्षीबद्दल मी जरा हट्टी आहे. दोन रंगांच्या योकमध्ये उलट बाजूने मोकळे धागे आडवे जातात आणि बाळाची बोटं त्यांत अडकतात. मोठी जाळीची नक्षीही त्याच कारणासाठी नको. लहान बाळाच्या योकवर उलट टाक्यांची उठावदार नक्षी करावी, रंगीत योक चालत्या-बोलत्या पोरांसाठी ठेवावा.

आणि बारशाचं काय? मे महिन्यात बारसं असेल तर तान्ह्याच्या मापाचा स्वेटर पेटीतच राहतो, कारण आपली थंडी डिसेंबरात येते, अधिवेशन भरतं त्या सुमारास, आणि तोवर लेकरू सात महिन्यांचं झालेलं असतं. माप बारशाचं नाही, डिसेंबरचं धरायचं. इथे मी डोळे झाकून रॅग्लन निवडते. माप चुकतंय असं वाटलं तर आणखी एकदा वाढ केली की अंग चार टाक्यांनी आणि प्रत्येक बाही दोन टाक्यांनी मोठी होते, आणि स्वेटर दोन ओळींनी खोल. योकमध्ये तेवढ्यासाठी नक्षीचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

पुढच्या थंडीत छातीला अजून येत असेल, तर दोन्ही प्रकारांत मनगटाची आणि खालची बॉर्डर उसवून तिथूनच लांबी वाढवता येते. त्यासाठी उरलेला गोळा लॉट नंबरच्या कागदासकट जपून ठेवा. तोच रंग पुढच्या वर्षी वेगळ्या लॉटचा मिळाला तर जोड लांबूनच ओळखू येतो.