पौराणिक साधने, विदर्भाच्या प्राचीन इतिहासाची

विदर्भाच्या प्राचीन राजवंशांविषयी व स्थळांविषयी महाभारत, हरिवंश आणि पुराणे यांतून मिळणारी माहिती व तिचे ऐतिहासिक प्रामाण्य. नल-दमयंती व रुक्मिणीहरण या कथा सर्वपरिचित असल्याने त्या येथे दिलेल्या नाहीत.

पुराणांतील सर्वांत उपयुक्त भाग कलियुगातील राजांच्या वंशावळींचा. तो भविष्यकाळात सांगितलेला असला, तरी इ. स. चौथ्या शतकाच्या सुमारास गुप्तांच्या उदयापाशी येऊन थांबतो. त्यामुळे त्याचे संकलन त्याच सुमारास झाले असावे. एफ. ई. पार्गिटर यांनी १९१३ मध्ये या भागाची संहिता पाठभेदांसह सिद्ध केली. तीत विंध्यशक्तीचा पुत्र प्रवीर याने ६० वर्षे राज्य केल्याचे आणि वाजपेय यज्ञ केल्याचे म्हटले आहे. हा प्रवीर म्हणजे विदर्भातील वाकाटक राजवंशाचा सम्राट पहिला प्रवरसेन (इ. स. सु. २७०–३३०) याविषयी आता फारसा वाद नाही. त्याच्या राजधानीचा पाठ मात्र वादग्रस्त आहे. पार्गिटर ‘पुरीं काञ्चनकां’ असा पाठ घेतात, तर इतर काही विद्वान ‘पुरिकां चनकां’ असा पदच्छेद करून पुरिका हे नगर मानतात. दुसरे मत अधिक संभाव्य वाटते.

प्रवीराचे चार पुत्र राजे होतील, हे विधान अभ्यासकांना दीर्घकाळ अविश्वसनीय वाटत होते. कोरीव लेखांतून गौतमीपुत्र हा एकच पुत्र माहीत होता, आणि तोही गादीवर आल्याचे दिसत नाही. १९३९ मध्ये वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. वत्सगुल्म (म्हणजे वाशीम) येथून दिलेल्या या दानपत्रात प्रवरसेनाचा सर्वसेन नावाचा आणखी एक पुत्र व त्याची स्वतंत्र शाखा उजेडात आली. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी त्यामुळे पुराणांचे विधान ग्राह्य धरले. उरलेल्या दोन पुत्रांना लेखांचा आधार नाही; तरी ज्या ग्रंथकाराला सर्वसेनाची शाखा ठाऊक होती, त्याचे म्हणणे सहज टाकून देता येत नाही.

याच्या उलट प्रत्यय मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे आला. तेथे सापडलेल्या सातवाहन नाण्यांच्या निधीत पुराणांतील विजय सातकर्णी आहे. पण कुंभ, कर्ण व शक हे सातकर्णी कोणत्याही पौराणिक यादीत नाहीत. सातवाहन राजांच्या संख्येबाबत व एकूण राज्यकालाबाबतही पुराणांचे आपसांत जुळत नाही.

स्थळांविषयी पुरावा निराळ्या प्रकारचा आहे. भागवतानुसार कृष्णाकडून पराभूत झालेल्या रुक्मीने (रुक्मिणीच्या भावाने) कुंडिनपुरास न परतता भोजकट नगर वसवले. भोजकट काल्पनिक नव्हते. मध्य प्रदेशातील भरहूतच्या बौद्ध स्तूपावरील एका दानलेखात (इ. स. पू. दुसरे–पहिले शतक) तेथील भिक्षुणीचा उल्लेख आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट अचलपूरजवळच्या चमक येथे सुमारे १८६८ मध्ये शेत नांगरताना मिळाला. त्यात चर्मांक हे गाव भोजकट राज्यात असल्याचे नमूद आहे. हे नगर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील भातकुली असे सामान्यतः मानतात. नगराचे अस्तित्व सिद्ध झाले म्हणून संस्थापक सिद्ध होत नाही, हा भेद लोकप्रिय लेखनात बहुधा राहून जातो.

कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर. मो. गं. दीक्षित यांनी १९६२–६४ मध्ये तेथे उत्खनन केले. वस्तीचे अवशेष लोहयुगापासून सातवाहन काळापर्यंतचे आहेत. काळी-तांबडी खापरेही मिळाली. ही प्राचीनता परंपरेला अनुकूल आहे, इतकेच. रुक्मिणीचा पिता भीष्मक याचा काळ खापरांवरून ठरत नाही, आणि महाकाव्याची संहिता कित्येक शतके वाढत गेल्याने ग्रंथावरूनही ठरत नाही.

रामटेकबाबत हाच विवेक लागतो. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटात दान ‘रामगिरिस्वामी’च्या पायांपाशी दिल्याचे म्हटले आहे, म्हणजे इ. स. पाचव्या शतकात या टेकडीवर देवस्थान होते. रामाच्या वास्तव्याचा तो पुरावा नव्हे. स्वतः प्रभावतीगुप्ता मात्र पुराणांत कोठेच नाही.

गावोगावची स्थलमाहात्म्ये बहुतांश उत्तरकालीन आहेत. लोणारचे विवर लवणासुराच्या कथेशी जोडलेले आहे. ते उल्कापाताने झाले.