शाळा सुधारणा समिती (बेळगाव सीमाभाग)

कर्नाटकातील सरकारी शाळांच्या कारभारावर देखरेख ठेवणारी, बहुसंख्य पालक असलेली शाळानिहाय समिती. कानडी नाव ‘शाला अभिवृद्धी मत्तु मेलुस्तुवारी समिती’. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी पालक तिला सहसा ‘एसडीएमसी’ (स्कूल डेव्हलपमेंट अँड मॉनिटरिंग कमिटी) म्हणतात.

तिचे मूळ १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यापर्यंत मागे नेता येते. त्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिकांकडे सोपवल्या. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली असल्याने हा दुवा येथे जवळचा वाटतो. परंतु तेव्हाची शाळामंडळे स्थानिक संस्थांची होती, एकेका शाळेच्या पालकांची नव्हती. ७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) शिक्षण हा पंचायतींकडे सोपवता येण्याजोगा विषय ठरला. तेथेही केंद्रस्थानी गाव होते, शाळा नव्हे. म्हणून समितीचा उगम शास्त्रज्ञ राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील कर्नाटकाच्या शिक्षणविषयक कृती दलाच्या (टास्क फोर्स) शिफारशींत व त्यांमागोमाग निघालेल्या २८ एप्रिल २००१ च्या शासन आदेशात मानणे अधिक सयुक्तिक. ग्रामशिक्षण समितीऐवजी शाळेची स्वतःची समिती आली ती या आदेशाने.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २१ नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. कारभारावर देखरेख, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा ही तिची कामे. शिक्षकांची नेमणूक व बदली मात्र शिक्षण खात्याच्या हाती. मराठी शाळेतील जागा रिकामी राहिली तर समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचे, यापुढे तिचा अधिकार जात नाही. जबाबदारी खाली आली, शिक्षक देण्याची सत्ता वरच राहिली. सीमाभागातील पालकांचे खरे दुखणे हेच आहे.

भाषेचा प्रश्नही याला जोडून येतो. घटनेच्या अनुच्छेद ३५०क मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय आहे. पण खात्याचा व्यवहार कन्नडमध्ये चालतो. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असल्यास महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असा संकेत आहे. केवळ मराठी वाचू शकणाऱ्या पालक-सदस्याला परिपत्रक मराठीत मिळाले, तरच त्याला खर्चाचा जाब विचारता येईल.

अनुदानित शाळांतील समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर केवळ सल्लागार आहे; भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांना तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालापासून हा कायदाच लागू नाही. त्यामुळे मराठी संस्थांच्या अनुदानित शाळांत पालकांना सरकारी शाळेइतकाही अधिकार नाही. विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू होत नाही.