महामारीतील सार्वजनिक मास्कवापर

श्वसनमार्गातून पसरणाऱ्या साथीत आजारी-निरोगी असा भेद न करता सर्वांनी चारचौघांत नाक व तोंड झाकण्याची प्रथा. कोविड-१९ मध्ये लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना संसर्ग देऊ शकतो. म्हणून केवळ खोकणाऱ्याने मास्क लावून भागत नाही.

प्रथा जुनी आहे. १९१०-११ च्या मांचुरियातील फुफ्फुसाच्या प्लेगात डॉ. वू लिएन-टे यांनी कापूस व जाळीदार कापडाचा मास्क वापरायला लावला. हा रोग श्वासातून पसरतो हे न पटलेले फ्रेंच डॉक्टर मेस्नी मास्कविना रुग्ण तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत प्लेगने दगावले.

ग्वाल्हेरकरांना तोंड झाकणे नवे नव्हते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकला, की लू लागू नये म्हणून शहराच्या लष्कर भागातली माणसे तोंडाला साफी, म्हणजे पातळ सुती कापड, गुंडाळून महाराज बाड्याच्या चौकात जातात आणि घरात पाऊल टाकताच ती सोडतात. २०२० मध्ये ही सवय हाताशी होती, तशी ती आडवीही आली. साफी मोकळ्या हवेत चढते, आत आल्यावर उतरते. विषाणूपासून बचावाला नेमके याच्या उलट हवे. श्वासातले सूक्ष्म कण बाहेर पांगतात, खिडक्या लावलेल्या दिवाणखान्यात मात्र तासन्‌तास तरंगत राहतात. शिवाय पातळ सुती कापड थुंकीचे मोठे थेंब अडवते, पण सूक्ष्म कण विणीतून आणि गालाजवळच्या फटीतून निसटतात. एन-९५ मास्कच्या तंतूंवर विद्युतभार असतो, त्यामुळे तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण धरतो. तो साबणाने धुणे म्हणजे हा भार घालवणे. काटकसरीच्या घरांत ही चूक सहज होण्यासारखी आहे.

जुलै २०२० मध्ये ग्वाल्हेर जिल्हा प्रशासनाने विनामास्क सापडणाऱ्यांना दंडाशिवाय तीन दिवस रुग्णालयात किंवा पोलिसांच्या नाक्यावर स्वयंसेवक म्हणून काम करायला लावण्याचा आदेश काढला. नुसत्या पावतीपेक्षा ही कल्पना निश्चितच शहाणपणाची होती. तरीही पकडला जाणार तो रस्त्यावरचा माणूस. आरतीला एका खोलीत दाटलेली वीस माणसे किंवा श्राद्धाची पंगत कोणत्याच नाक्यावरून दिसत नाही, आणि जेवताना मास्क उतरतोच.

म्हणून ‘मास्क कण अडवतो का?’ आणि ‘लोकांना मास्क लावायला सांगितल्याने साथ आटोक्यात येते का?’ हे प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. वाद आहे तो दुसऱ्यावर. डेन्मार्कमध्ये २०२० च्या वसंतात सुमारे ६,००० लोकांवर झालेल्या चाचणीत मास्क सुचवलेल्या गटात १.८ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना संसर्ग झाला. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. पण मास्क लावणाऱ्यापासून इतरांचा बचाव होतो का, हे त्या चाचणीने तपासलेच नव्हते. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्याने ‘फारसा फरक नाही’ असे म्हटल्यावर ‘मास्क निरुपयोगी ठरले’ अशी हाकाटी झाली. तेव्हा कॉक्रेनच्या मुख्य संपादिकेने हा अर्थ चुकीचा असल्याचे, उपलब्ध पुरावा निर्णायक नसल्याचे जाहीर केले.

सर्वांत बोलकी चाचणी बांगलादेशातील सुमारे ६०० गावांची. तेथे मास्क फुकट वाटले, मशिदीत व बाजारात स्वयंसेवकांनी लोकांना थांबवून आठवण केली, दंड नव्हता. नीट मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. लक्षणांसह सिद्ध झालेला संसर्ग एकूण सुमारे ९ टक्क्यांनी घटला. कापडी मास्कचा लाभ स्पष्ट दिसला नाही. सर्जिकल मास्कचा दिसला. पुढे काही संख्याशास्त्रज्ञांनी या आकड्यांवर आक्षेप घेतले, आणि परिणाम लहान आहे हे खरेच. मात्र तो वाचताना हे विसरू नये की निम्म्याहून अधिक लोक तेव्हाही नीट मास्क लावत नव्हते. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीपुढच्या लोकांमध्ये ही घट सुमारे ३५ टक्के होती.