कोकणच्या परसातली फुलं कुठून आली?

फाल्गुन लागला की आमच्या परसात पाण्याचा हिशेब सुरू होतो. विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडू लागतात. मोगऱ्याला किती कळशा, अबोलीला किती, कर्दळीला आज राहू दे का, हे रोज संध्याकाळी ठरतं. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पडतो खरा, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. म्हणून वसंतातली इथली बाग पहिल्यापासून विहिरीची बाग आहे. तिची मागची गोष्ट सांगायची तर रहाटापासूनच सांगावी लागते.

अलिबाग, चौल-रेवदंडा, मुरूड, गुहागर या किनारपट्टीत घरामागे नारळी-पोफळीची आगरं. रहाटगाडग्यांनी पाणी वर यायचं आणि पाटानं झाडाझाडाच्या आळ्यात जायचं. फुलबाग म्हणून वेगळी जागा कुणी काढलीच नाही. पाटाच्या कडेला जो ओलावा राहील तो जाई-जुईचा, न्हाणीचं पाणी जिथं उतरेल तिथं केळ आणि कर्दळ, पुढल्या अंगणात तुळशीवृंदावनाभोवती अबोली. पूजेची परडी रोज भरली पाहिजे, एवढंच मोजमाप. एका वेळी पन्नास फुलं देणाऱ्या झाडापेक्षा रोज पाच देणारं झाड घराला जास्त उपयोगी, हे ज्यानं रोज सकाळी फुलं काढली आहेत त्याला सांगावं लागत नाही. कोकणातलं परस विस्कळीत दिसतं ते यामुळे, आणि मला ते आखीव वाफ्यांपेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

यातली काही फुलं फार जुनी. बकुळ आणि चाफा अमरकोशात आहेत. तिथला चंपक म्हणजे आपला सोनचाफा. अबोली भारत आणि श्रीलंकेतलीच. सुरंगी तर आपल्या पश्चिम किनाऱ्याची आणि सह्याद्रीची. वेंगुर्ले-शिरोडा-आरवलीच्या बाजूला हिचं झाड अजून घराजवळ राखलेलं दिसतं. फुलं डहाळीच्या टोकाला येत नाहीत, जाड फांद्यांच्या सालीला चिकटून गुच्छांनी येतात. उमलण्याआधी कळ्या काढायच्या म्हणून माणसं भल्या पहाटे झाडावर चढतात. सूर्य वर आला की कळी फुटते, मधमाश्यांचा गुंजारव सुरू होतो आणि वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, लागणारा माल हातचा जातो. सुरंगीचा वळेसर वाळला तरी वास सोडत नाही. आमच्या आजीच्या लुगड्यांच्या पेटीत तो वर्षभर असायचा, आणि पेटी उघडली की खोलीत शिमगा यायचा.

पण परसातली निम्मीअधिक फुलं अशी घरची नाहीत, आणि हे मला फार उशिरा कळलं. दसऱ्याच्या तोरणातला गोंडा, म्हणजे झेंडू, मूळचा मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. गुलबक्षी, कर्दळ आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांचं मूळही अमेरिका खंडातच. देवळाच्या आवारात वाकडातिकडा उभा असलेला, चैत्रात पान नसताना फुलांनी भरून जाणारा देवचाफा मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. नावातच देव आहे त्याच्या! अनंत चीनकडून आला. वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला, 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, 1534 मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. त्यानंतर या किनाऱ्याला अमेरिकेतली झाडं येण्याची वाट मोकळी झाली. काजू, अननस, मिरची यांची चर्चा होते कारण त्यांना बाजारभाव आहे; फुलांची कुणी फारशी दखल घेतली नाही.

उलट दिशेनं मात्र एकानं घेतली. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात उपचारासाठी जायचा, आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात पारिजातकावर एक संपूर्ण संवाद आहे. हे झाड रात्री फुलतं आणि सूर्य दिसताच फुलं टाकतं, याची सूर्यावर प्रेम करणाऱ्या एका बड्या सरदाराच्या मुलीची गोष्ट त्यानं नोंदवली आहे. आपल्या अंगणातल्या फुलाची ही दंतकथा साडेचारशे वर्षांपूर्वी, याच किनाऱ्यावर, छापखान्यातून बाहेर पडली.

बोगनवेल त्यामानानं अलीकडची. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल 1766 साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, त्याच्या मोहिमेतल्या कॉमर्सन या वनस्पतिज्ञाला ती ब्राझीलमध्ये दिसली. कोकणाच्या उन्हाळ्यात ती पाण्याशिवाय फुलते, म्हणून बंद घरांच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, तीच उरली आहे. मुंबईला गेलेल्या माणसांच्या घरात मोगऱ्याला पाणी घालणार कोण?

मोगरा माणूस मागतो. पौषात त्याचं पाणी तोडायचं, आठ-दहा दिवसांनी पानं ओरबाडून काढायची, शेंडे छाटायचे, मुळाशी माती हलवून शेणखत घालायचं आणि मग पाणी सोडायचं. कळी नव्या फुटीवर येते, जुन्या काडीवर नाही, हे त्यामागचं कारण. पहिल्यांदा करताना जीव होत नाही. हिरवंगार झाड आपण उघडं करतो. पण मग चैत्रगौर पाळण्यात बसते तेव्हा गजऱ्यापुरता मोगरा घरचाच निघतो. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि भिजवलेल्या केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात ओवलेला मोगरा. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांमुळे आमच्या गावात मोगऱ्याचे वेल टिकले, असं माझं मत आहे. फांद्याही तिथूनच घरोघर गेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून.

विजेचे पंप आले तसे रहाट थांबले, पाटाऐवजी पाइप आला आणि पाटाकाठचा ओलावाही गेला. वसईकडे सोनचाफा आणि मोगरा हे शेतीचं पीक झालं, रोज पहाटे लोकलनं दादरच्या बाजारात जाऊ लागलं. गावात नर्सरीची कलमं मिळतात, सोनचाफा आता कुंडीतही फुलतो. ते चांगलंच आहे.

काल संध्याकाळी अबोलीला पाणी घालत होते. तिच्या वाळलेल्या कणसांवर थेंब पडले की बोंडं तडकतात, तट्‌ तट्‌ आवाज होतो आणि बी हातभर लांब उडतं. मी कळशी ठेवून तिथंच बसले. बी तुळशीच्या कट्ट्यापर्यंत गेलं होतं. तिथं रोपं उठतील ती पावसात, आणि पुढच्या फाल्गुनात त्यांच्या वाटणीची एक कळशी वाढेल.